खिडकीपाशी अडलेली गाडी

प्रयोगशाळेतल्या ताईने आपल्या छोट्या यंत्रगाडीला एकच गोष्ट शिकवली होती: नवं काही दिसलं की गुण मिळतील. त्या लोभाने गाडी खोली धुंडाळत दाराबाहेर पडेल, असा तिचा होरा. पण गाडी खिडकीसमोर जी ठाण मांडून बसली, ती हलेचना. भिंतीवर पानांच्या सावल्या डुलत होत्या, दर क्षणी नव्या. गुणांची नुसती लयलूट!

"आळशी कुठली!" ताई करवादली आणि पडदा ओढायला गेली. एक सावली हळूच तिच्या मनगटावरून सरकली.

संध्याकाळी वडील तिला न्यायला आले, तेव्हा ती गाडीशेजारी जमिनीवर बसली होती. गाडीची बॅटरी कधीच संपली होती.

"अगं, हिला गुण तरी मिळतात. तुला काय मिळतंय?"

"बाबा, जरा सरका ना. सावली अडतेय."