विश्वजितचा फ्लेक्स

नृसिंहमामाला गप बसायचं देवानं शिकवलंच न्हवतं. टपरीवर चहा सांगितला तर चौकाला कळायचं आणि शिंकला तर पल्याडची गल्ली दचकायची. तालमीचा अध्यक्ष माणूस. कुणाचा वाढदिवस असू दे, कुणाची म्हैस शर्यतीत पैली येऊ दे, दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स ठरलेला. मग सख्ख्या भाच्यावर केस झाल्यावर त्यानं काय केलं असंल, ते तुम्हीच बघा.

भाचा म्हणजे विश्वजित, सोळा वर्साचा. बाप लहानपणीच गेलेला. आई कालिंदी, मामाची धाकटी भन, बालवाडीत शिकवायची. झालं काय, दिवाळीच्या पाडव्याला तालमीच्या म्हशी पळवायच्या हुत्या आणि म्हशीच्या म्होरं दामटायला पोराला दणकी गाडी पायजे हुती. शाहूपुरीत आप्पासोंचं हार्डवेअरचं दुकान. दारात नवी बुलेट, किल्ली गाडीलाच. ‘एक चक्कर मारून आणून लावतो की,’ असं मनाशी म्हणत पोरानं गाडी काढली. कोपऱ्यावर आक्काचा शहाळ्याचा गाडा. बुलेट गाड्यावर, आक्का रस्त्यावर, शहाळी गडगडत गटारात. आक्काचा हात मोडला. आप्पासोंचं टाळकं फिरलं आणि ते थेट पोलिसात गेले.

पोर वयानं लहान, म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळाम्होरं आलं. तूर्त त्याला आईच्या ताब्यात दिलंतं. पण म्होरं घरीच ठिवायचं का सुधारगृहात धाडायचं, ते मंडळ ठरवणार हुतं. त्या काळजीनं कालिंदीच्या घशाखाली घास उतरत न्हवता. आणि पोरगं तर शाळा सोडून माडीवर तोंड लपवून बसलंतं.

“कोर्टाचं भ्या घेतलंय त्यानं,” मामा म्हणायचा. “एकदा निकाल लागू दे, वाघासारखं जातंय बघ शाळंला.”

तारखेदिवशी मामानं टेंपो भरून तालीम आणली. सगळी फेटे बांधून. साहेबांना कळाय पायजे, पोराच्या मागं कोण हाय ते! पण फाटकावरच शिपायानं हात आडवा केला.

“फक्त आई आणि सांभाळणारं माणूस. बाकीची वरात भायेर.”

तालीम भायेर लिंबाखाली बसली. मामा, कालिंदी आणि विश्वजित आत गेले.

मामाच्या डोळ्याम्होरं उंच खुर्ची, लाकडी पिंजरा, खाकी वर्दी असलं कायबाय हुतं. आत बघतोय तर शाळेतल्या मास्तरांच्या खोलीगत एक टेबल आणि चार खुर्च्या. बाकावर चेक्सचा शर्ट घातलेला एक माणूस बसलेला. मामा त्याच्या शेजारी टेकला.

“काय पावणं, कुठलं गाव?”

“गडहिंग्लज.”

“लांबनं आलायसा की! तुमच्या पोरानं काय दिवं लावलं?”

“माझं पोर न्हाय. मी पोलीस हाय. तुमच्याच केसचा.”

मामा बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकला. “मग वर्दी?”

“पोरं बिचकत्यात म्हणून हितं वर्दी घालायची न्हाय. नियमच हाय.”

आत बोलावलं. टेबलामागं न्यायाधीश मॅडम, त्यांच्या दोन्ही अंगाला समाजकार्य करणारे दोन सदस्य. मॅडमनी आधी पोराला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, “काय झालं ते तू सांग. कुणी शिकवलेलं नको.”

पोरानं सगळं सांगितलं. गाडी न विचारता नेली, आक्का पडल्या, मी पळून गेलतो. “पळालो ते लई वाईट केलं,” म्हणला आणि खाली बघाय लागला.

बाजूला वर्षाराणी मॅडम बसलेल्या. त्या परिविक्षा अधिकारी, म्हणजे घरी जाऊन पोराची चौकशी करणाऱ्या. मागल्या महिन्यात घरी येऊन गेलत्या. त्या म्हणाल्या, “मुलाचा पहिलाच गुन्हा आहे. आई कष्टाळू आहे. मामा जबाबदारी घेतोय. घरी ठेवायला हरकत नसावी असं मी लिहिलंय. तेव्हा शाळाही नीट चालू होती.”

“मामा, तुम्ही कसा सांभाळ करणार?” न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

मामाची छाती फुगली. “मी एकटा कशाला, मॅडम? अख्खी तालीम हाय पाठीशी! खोटं वाटत असंल तर ह्ये बघा की.” आणि त्यानं मोबाईल काढून टेबलावर ठिवला.

मोबाईलमधी चौकातला फ्लेक्स. गॉगल घातलेला विश्वजित, मागं डरकाळी फोडणारा वाघ, खाली तालमीची झाडून सगळी थोबाडं आणि ठळक अक्षरात: ‘केस झाली म्हणून वाघ मांजर होत न्हाय! विश्वजितदादा, आम्ही तुमच्या पाठीशी!’

वर्षाराणी मॅडमनी कपाळाला हात लावला.

“हे कधी लावलंत?” न्यायाधीश मॅडमचा आवाज काय चढला न्हाय.

“ह्या मॅडम घरी येऊन गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी. लई गाजलंय!”

“मामा, ह्या खोलीचं दार आम्ही बंद का ठेवतो? मुलाचं नाव, फोटो, शाळा, काहीही बाहेर जाऊ नये असा कायदा आहे. उद्या त्याला कुणी गुन्हेगार म्हणून बोट दाखवू नये म्हणून. आम्ही जे झाकतोय, ते तुम्ही चौकात टांगलंत. त्यानं केलं त्याचं आम्ही बघू. पण हा गुन्हा तुमचा आहे.”

मामाचा फेटा एकदम जड झाला. मॅडम पोराकडं वळल्या. “शाळेत का जात नाहीस?”

पोरानं आधी मामाकडं बघितलं. मग हळू म्हणला, “फ्लेक्समुळं. वर्गात गेलो की सगळी वाघासारखी गुरगुरत्यात. सर बी हसले. आधी कुणाला म्हाईतच न्हवतं, मॅडम.”

कालिंदीनं भावाकडं नुसतं बघितलं. “दादा, फ्लेक्स नको म्हणून सांगितलंतं की रं मी,” येवढंच म्हणाली.

मामानं टेबलावरचा मोबाईल उचलून खिशात घातला.

मॅडमनी म्होरली तारीख दिली. “फ्लेक्स आजच काढा. मुलगा शाळेत जायला लागला का ते वर्षाराणी मॅडम बघतील. जो माणूस ह्याला झाकू शकत नाही, त्याच्या भरवशावर मी ह्याला ठेवायचं का, ते त्यानंतर ठरवू.”

भायेर तालमीनं विचारलं, “काय झालं अध्यक्ष? गुलाल आणू?”

“गप बसा,” मामा म्हणला. “आणि ते फेटे सोडा आधी.”

त्याच दुपारी मामा स्वतः शिडीवर चढला. तालमीच्या पोरांना हात लावू दिला न्हाय. चौक बघाय जमला. वरची दोरी सोडताना शिडी डगमगली, आणि खालनं कुणीतरी घट्ट धरली. बघतोय तर आप्पासो.

“पडशीला, अध्यक्ष. मग लोक म्हणतील मीच पाडलं, आणि केस माझ्यावर.”

“आप्पासो, तुमची गाडी...”

“गाडी दुरुस्त झाली. पोरगं कुठं हाय?”

“माडीवर.”

“धाडा एकदा दुकानात. ओरडणार हाय मी त्याला पोटभर. पण आत बसवून, चौकात न्हवं.”

उतरवलेल्या फ्लेक्सकडं बघत आक्का आली. हात गळ्यात बांधलेला. “ह्यो मला दे. गाड्यावर सावलीला टाकते. पर थोबाडं आतल्या अंगाला कर बाबा. गिऱ्हाईक पळंल.”

पोरगं शाळंला जाया लागलंय असं वर्षाराणी मॅडमनी सांगितलं, तसं म्होरल्या तारखेला मंडळानं पोराला मामाच्या देखरेखीखाली घरीच ठिवलं. शिवाय दर रविवारी सरकारी दवाखान्यात, हाडं मोडलेल्या पेशंटांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायचं काम दिलं. निकाल ऐकून कालिंदी रडली. मामानं फक्त हात जोडले.

आता सकाळी शाळेच्या टायमाला मामा कोपऱ्यावर उभा असतोय. परवा विश्वजित सायकलवरनं दोस्तांबरोबर निघालाता, खिदळत. मामाचा हात वर गेला, हाळी पार गळ्यापातूर आली. मग त्यानं त्या हातानं नुसतं डोसकं खाजवलं आणि आक्काला हळूच म्हणला, “एक शहाळं दे की.”

आक्कानं वर बघितलं. “काय रं, आवाज बसला का काय तुझा?”

मामानं मान हलवली आणि सायकल वळंपातूर तिकडंच बघत ऱ्हायला.