कूलरखालचा राखाडी बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे, रंगानं राखाडी, अंगानं खडबडीत. हसू नका, मित्रांनो! कारखान्यात मला वितळलेल्या जस्तात पार बुडवून काढलं, तेव्हा कुठे हे जाड कवच मिळालं. त्यामुळे गंज माझ्या लोखंडापर्यंत पोचत नाही.

नोएडात नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून सूर्यकांतराव आणि अरुणाताई तिथं तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. खिडकीबाहेर कूलरचं स्टँड बसवायचं होतं. सूर्यकांतरावांना सोनेरी, चकचकीत बोल्ट आवडले. "अगं, नवं घर आहे, जरा शोभा नको का?"

अरुणाताई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी बोअरच्या खाऱ्या पाण्यात एक सोनेरी बोल्ट आणि मला बुडवून ठेवलं. थोड्याच दिवसांत सोनेरीवर तांबडे डाग पडले, मी होतो तसाच.

"अहो, शोभा घरात ठेवू. बाहेर कूलर टपकणार, खाली मुलं खेळणार. हेच घ्यायचे, बस्स!" त्या म्हणाल्या. काय बाई होती! मला तर त्यांचा फार अभिमान वाटला.

आम्ही चार राखाडी बोल्टांनी स्टँड धरलं. पण खंडेनवमी आली की सूर्यकांतरावांना हुरूप यायचा. घरातलं सगळं लोखंड घासूनपुसून पूजेला तयार! पितळेची भांडी घासावीत तशी त्यांनी माझ्या भावंडांना चिंच फासली, वर तारेच्या घासणीनं खसाखसा घासलं. आणि खूश! अहो, कवच निघून आतलं लोखंड उघडं पडतंय, हे कोण सांगणार त्यांना? दरवर्षी हेच. मी भिंतीकडच्या कोपऱ्यात, त्यांचा हात पोचेना, म्हणून वाचलो.

मग एका जूनमध्ये, काठोकाठ भरलेल्या कूलरखाली माझी गंजलेली भावंडं एकापाठोपाठ तुटली. सगळा भार माझ्यावर! खाली शेजारची सलोनी भातुकली मांडून बसली होती. मला भयंकर भीती वाटली, पण जीव खाऊन धरून राहिलो. कडकड आवाज ऐकून अरुणाताई खिडकीशी धावल्या.

"सलोनी, भाग वहाँ से! भाग!"

पोरगी पळाली. तेव्हा मी वाकलो, सुटलो, आणि कूलर तिच्या भातुकलीवर कोसळला.

सूर्यकांतराव धापा टाकत खाली आले. आपण घासलेले बोल्टच गंजून तुटलेत, हे त्यांना दिसलं. सलोनीच्या आईपुढे हात जोडून म्हणाले, "गलती मेरी है, भाभीजी." चेपलेली इवलीशी भांडी त्यांनी स्वतः वेचली.

मित्रांनो, आमचा राखाडी रंग मळ समजून घासू नका. आणि उंचावर काहीही टांगलंत, तर एकदा खाली वाकून बघा, तिथं कोण खेळतंय.