पाऊण मीटर कापड आणि एक हिरा

चोरी करायचीच असेल, तर अशा माणसाची करावी ज्याच्या दुकानात पुढे बायकोला घेऊन जायची वेळ येणार नाही. एवढी साधी गोष्ट मला एकतीस वर्षांपूर्वी सुचली नाही आणि त्याची फळं मी या हिवाळ्यात भोगली.

मी शिंपी. पुरुषांचे कोट शिवतो, आणि चांगले शिवतो. खोटी नम्रता मला जमत नाही. माझी बायको त्याच दुकानात खिडकीशी बसून काज-बटणं आणि हातशिलाई करायची. मध्यंतरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बारीक काम बंद करायला सांगितलं. घरी आल्यावर तिने सगळ्या सुया डबीत घातल्या, डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं?"

मी आठवायला लागलो.

"आठवू नका, नाही मागितलं. आता मागते. हिऱ्याची अंगठी. एकच खडा, लहान चालेल, पण चांगला हवा. आणि दुकानदार खात्रीचा हवा. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मी लगेच हो म्हणालो. पैसे बाजूला काढलेले होते आणि माझ्याही मनात होतं. पण 'खात्रीचा' हा शब्द मला अडला. आमच्या भागात खात्रीचा सराफ कोण, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: भिंगकाका. डोळ्याला सदा भिंग लावून बसतात, म्हणून भिंगकाका. आणि मी जन्मात कुणाचं कापड मारलं असेल, तर ते याच भिंगकाकांचं.

ते आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष. भिंगकाका तेव्हा तरणेबांड होते. कोटासाठी गर्द हिरवं लोकरी कापड घेऊन आले. तसं कापड मी तोवर हातात धरलं नव्हतं. शिंपी शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतो, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे गिऱ्हाइकाचं अंग सुटलं की उसवून कोट सैल करता येतो. त्या कोटात मी माया ठेवलीच नाही. कापड मुळात थोडं जास्त होतं, त्यात इकडून दोन बोटं, तिकडून दोन बोटं असं करत मी पाऊण मीटर वाचवलं आणि भिंगकाकांना सांगितलं, अगदी बेताचं पुरलं. त्या पाऊण मीटरचं बायकोला बिनबाह्यांचं जाकीट शिवलं. तिला म्हणालो, पैसे साठवून कापड आणलं. ती इतकी हरखली की खरं सांगायचा धीर झाला नाही, आणि मग तो कधीच झाला नाही. थंडी पडली की कपाटातून पहिलं तेच जाकीट निघतं. वर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमचे हे गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा ठेवून घेत नाहीत.

"भिंगकाकांकडे जाऊ," ती म्हणाली. "शेजारच्या नर्सबाईंनी तिथूनच घेतली."

"तो? तो डागी खडे गळ्यात मारतो." हे माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"कोण म्हणालं?"

"माझं एक गिऱ्हाईक."

तिने मान डोलावली. माझ्या शब्दावर तिचा फार विश्वास, आणि त्या दिवशी मला तो नकोसा झाला.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दुकानात छताला इतके दिवे होते, की त्या उजेडात माझं टक्कलही लाखाचं दिसलं असतं. ही युक्ती मला ठाऊक आहे, कापडवालेही करतात. मी म्हणालो, खडा जरा दाराबाहेर सावलीत बघतो. विकणारी बाई कावरीबावरी झाली. शेवटी दोन पहारेकऱ्यांच्या मधे उभं राहून आम्ही खडा पाहिला, तर तो शर्टाच्या बटणासारखा दिसत होता. बायको म्हणाली, बटणं मी पुष्कळ लावली, चला.

दुसऱ्या दुकानात सगळा भर वजनावर. "मावशी, अर्धा कॅरेट आहे, पूर्ण अर्धा." बायकोने वरून बघितलं आणि म्हणाली की शेजारचा कमी वजनाचा खडाही एवढाच दिसतोय. मी बाजूने पाहिलं. खड्याला चक्क पोट सुटलं होतं, वजन सगळं तिथे. आयुष्यभर लोकांची पोटं मापणाऱ्या माणसापासून ते लपवणं सोपं नाही.

तिसऱ्याने जाड कागदावरचं सोनेरी काठांचं प्रमाणपत्र पुढे केलं. बायकोने विचारलं, हे कुणी दिलं? तो म्हणाला, आम्हीच देतो. "म्हणजे पेपर तुम्हीच लिहिला आणि मार्कही तुम्हीच दिले," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. चौथ्याने आम्ही किंमत विचारायच्या आतच चाळीस टक्के सूट दिली. असं करत सहा दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी खोट सापडली की मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या: सगळेच सराफ सारखे ठरले, तर भिंगकाकांचं नावही आपोआप मागे पडेल.

सहाव्या दुकानातून बाहेर पडल्यावर ती एका बंद दाराच्या पायरीवर बसली आणि गुडघे चोळायला लागली.

"तुम्हाला घ्यायचीच नाहीये ना?" ती म्हणाली.

"अगं, तसं नाही."

"मग सरळ सांगा. मी काही रडणार नाही." आणि तिचा आवाज कापला.

त्या पायरीवर सगळं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी म्हणालो, "उद्या सातवं बघू."

"उद्या मी भिंगकाकांकडे जाणार. डागी खडे देता का, ते त्यांच्या तोंडावर विचारणार. यायचं तर या."

दुसऱ्या दिवशी नेमकी कडाक्याची थंडी. तिने कपाट उघडलं.

"शाल घे ना," मी म्हणालो.

"जाकीट आहे की."

"जुनं झालंय गं ते. आणि वरचं बटण सैल वाटतंय. काढून ठेव, मी लावून देतो."

"ते बटण मी लावलंय. तुमची मशीन मोडेल, ते निघायचं नाही." आणि तिने जाकीट चढवलं.

भिंगकाकांचं दुकान म्हणजे एक खोली. एक मोठी खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरा कागद. दिवा बंद. भिंगकाकांचे केस पिकलेत, अंगही सुटलंय. मला बघून म्हणाले, "या शिंपीबुवा." म्हणजे ओळख होती.

बायकोने खुर्चीत बसल्या बसल्या सुरुवात केली. "आमचे हे म्हणतात, तुम्ही डागी खडे गळ्यात मारता. मागून बोलण्यापेक्षा समोर विचारलेलं बरं. खरं आहे का?"

मी छताकडे बघत राहिलो. छत स्वच्छ होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

भिंगकाका चिडले नाहीत. म्हणाले, "डागाचे खडे मी विकतो, वहिनी. डाग दाखवून विकतो." आणि त्यांनी भिंग तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, माझे डोळेच गेलेत, मला त्यात माझ्या पापण्या दिसतात. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा घेतला आणि त्यावर दोन खडे पालथे ठेवले.

"खड्यातून अक्षर दिसतं?"

एकातून करडं करडं दिसत होतं, दुसऱ्यातून काहीच नाही.

"ज्यातून दिसतं तो बाजूला ठेवा. पैलू नीट पडले असले, की वरून आत गेलेला उजेड वरच परत येतो, खाली गळत नाही." मग त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि तिसरा खडा चिमट्याने आडवा धरला. "आणि हा बघा. हा वजनाला जास्त आहे. मूळ खड्याचा निम्म्याहून अधिक भाग घासून टाकावा लागतो, तेव्हा चांगला हिरा होतो. हा घडवणाऱ्याला तेवढं सोडवलं नाही. त्याने वजन वाचवलं आणि पोटात लपवलं. तुम्ही पैसे वजनाचे देणार, पण वरून हा त्या अक्षर न दिसणाऱ्या हलक्या खड्याएवढाच दिसणार, आणि मधे काळपट."

हे सगळं ते खड्याबद्दल बोलत होते, आणि घाम मला फुटत होता. मग त्यांनी मान वर केली. भिंग डोळ्यालाच होतं. ते बायकोच्या जाकिटावर आलं आणि तिथेच थांबलं.

"जाकीट जुनं दिसतंय," ते म्हणाले.

झालं. बायको खुलली. "लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी दिलं. पैसे साठवून कापड आणलं, स्वतः शिवलं. एकतीस वर्षं झाली, धागा हललेला नाही."

"कापड चांगलं आहे," भिंगकाका म्हणाले आणि पुन्हा खड्यांकडे वळले.

बस, एवढंच. सुटलो, असं मला वाटलं. पण बायको माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "माणूस बरा वाटतोय हो. पण मी तुमचंच खरं धरणार. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणत असाल तर उठते." आणि खरंच उठायला तिने दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकला.

त्या खोलीत हळू बोललेलंही ऐकू जात होतं. भिंगकाका खाली बघून खडे पुसत होते. मला ते सहन होईना.

"बस," मी म्हणालो. "खडे-बिडे काही नाही, ते मी रचलं. हे जाकीट यांच्या कोटाचं आहे. मी यांचं कापड मारलं."

मग माया न ठेवल्यापासून सगळं सांगितलं. माझा आवाज तेल न घातलेल्या मशीनसारखा येत होता. बायको अंगातल्या जाकिटाकडे बघत होती.

"दहा वर्षांनी मी कोट सैल करायला दुसऱ्या शिंप्याकडे दिला," भिंगकाका म्हणाले. "त्याने उसवून दाखवलं. आत बोटभरही कापड नव्हतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. गावभर सांगून कोट थोडाच सैल होणार होता."

"मी नवा शिवून देतो. मजुरी नको."

"नको," ते शांतपणे म्हणाले. "माझा शिंपी आहे."

त्यांनी कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं. बायकोने जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. "हे तुमचं."

"वहिनी, ते मला कुठे बसणार आहे," भिंगकाका म्हणाले. "ठेवा तुम्ही. खडा बघा."

तिने विचारलं, तुमच्या बायकोला यातला कुठला दिला असता? त्यांनी हलका खडा पुढे सरकवला. तिने तोच घेतला.

रस्त्यावर ती पुढे, मी मागे. जाकीट तिच्या हातावर होतं, अंगात नव्हतं, आणि ती कुडकुडत होती. मी म्हणालो, "शिव्या दे, पण बोल."

ती थांबली. "चोरीचं मी नंतर बघते. पण सहा दुकानं, अहो. रोज घरी येऊन मी विचार करायचे, की एवढी वर्षं या माणसाबरोबर काढली आणि याला मी एका खड्याइतकीही वाटत नाही. माझं तोंड तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही सातवं म्हणालात."

कापड तिच्यासाठी मारलं होतं, असं म्हणता तरी आलं असतं. ही सहा दुकानं मी तिला निव्वळ माझ्यासाठी फिरवली होती. मला माझीच लाज वाटली. भर रस्त्यात मी म्हणालो, "चुकलो."

"हो," ती म्हणाली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात हजर. खिडकीशी नाही, थेट कापायच्या टेबलाशी, गळ्यात टेप. मी म्हणालो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.

"बारीक काम बंद सांगितलंय. हे जाड काम आहे."

तेव्हापासून गिऱ्हाइकाचं कापड आलं की ती मोजते, मगच कात्री माझ्या हातात देते. शिवून झालं की उरलेलं पुन्हा मोजते, गुंडाळते, दोऱ्याने बांधते आणि गिऱ्हाइकाला देते. एका मास्तरांना काडेपेटीएवढा तुकडा परत मिळाला. ते बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होते. मी चरफडलो, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

चार महिन्यांनी भिंगकाका आले. हातात करड्या कापडाचं पुडकं. मी उठलो, दोन्ही हात पुढे केले. ते माझ्यापुढून गेले आणि पुडकं त्यांनी बायकोच्या हातात दिलं.

"वहिनी, अडीच मीटर आहे. कोट करायचाय," ते म्हणाले.

माझे हात तसेच राहिले. बायकोने कापड टेबलावर पसरलं आणि मला विचारलं, "यांना किती लागेल?"

मी भिंगकाकांचे खांदे पाहिले, पोट पाहिलं. अशा प्रश्नाला थोडं वाढवून सांगायची माझ्या जिभेला सवय, शिंप्याच्या जातीची.

"सव्वादोन," मी म्हणालो. "भरपूर माया धरून. पाव मीटर परत जाईल."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता टेप निघणार. तिने टेपला हातही लावला नाही. कात्री उचलली आणि माझ्या हातात दिली.

"कापा," ती म्हणाली.