सुईचा हात

“ही उलटी लावलीत तुम्ही,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाच्या पडद्याजवळ बोट नेलं. “आईचा सुईचा हात डावा आहे. तुम्ही उजवा केलात.”

स्लाइडवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. जिन्याखालची त्याची खोली एवढीशी, त्यात धूळ उडू नये म्हणून पंखाही बंद. ताईंच्या वडिलांनी जपलेल्या डब्यातली फोटोंची एकेक स्लाइड त्याने पुसून, बुरशी काढून संगणकात घेतली होती. लाल पडलेले रंग पुन्हा जाग्यावर आणले होते. खिडकीपाशी बसून झबलं शिवणारी आई कालच टिपल्यासारखी दिसत होती. फक्त हात चुकला होता.

ताईंना आई आठवत नव्हती. ती गेली तेव्हा त्या नुकत्या पाळण्यातून उतरल्या होत्या. तिचं म्हणावं असं त्यांच्यापाशी एकच होतं, डावा हात. शाळेत बाई त्याच हातावर पट्टी मारायच्या. पाटी दिसली की पोर कपाटामागे दडायची. एका संध्याकाळी बाबांनी भिंतीवर चादर ताणली, स्लाइड दाखवायचं यंत्र लावलं आणि म्हणाले, आईवर गेलीस गं, बघ. तिने बघितलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली ती मान वर करून. पुढे सासरी कोणी डावरी म्हणून हसलं, तर ताई म्हणायच्या, हा हात माहेरचा आहे, नावं ठेवू नका.

हे सगळं त्यांनी स्लाइडवाल्याला सांगितलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. शेवटी त्याने चौकटीतून काढलेला फिल्मचा तुकडा भिंगाखाली धरला.

“ताई, काठावर ही बारीक अक्षरं असतात. पुठ्ठ्याच्या चौकटीत ती झाकली जातात. ती सरळ वाचता आली, तरच चित्र सरळ. आई उजव्या हातानेच शिवतायत.”

“म्हणजे तेव्हा फोटोच्या दुकानानेच उलटी बसवली होती?”

“दुकानाने नाही.”

त्याने त्या स्लाइडची जुनी चौकट पुढे केली. बाकीच्या सगळ्यांचे काठ अखंड होते. हिचा काठ पात्याने उकललेला, वाकडातिकडा, आणि खळ लावून पुन्हा दाबलेला. खळीत अंगठ्याचा ठसा वाळून तपकिरी झाला होता. घरीच कोणीतरी उघडून उलटवली असणार, असं तो म्हणाला.

घरात तेव्हा दोनच माणसं. त्यातलं एक पाटीला भिणारं.

मावशी राहायला आली की बाबा तो डबा माळ्यावर का टाकायचे, ते ताईंना आत्ता उमगलं. जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही त्या माणसाला. पोर झोपल्यावर पातं घेऊन बसला असेल.

पडद्यावर आई स्वच्छ हसत होती. ताई चौकटीकडेच बघत राहिल्या.

स्लाइडवाला हळूच म्हणाला की त्यात काय, एक कळ दाबली की हात पुन्हा डावा होईल, तुम्ही म्हणाल तसं.

“नको,” ताई म्हणाल्या. “तिचा हात तिला राहू दे.”

त्याने मान हलवली आणि जुन्या चौकटी कचऱ्याच्या डब्याकडे सरकवल्या. ताईंनी त्यातली ती एक उचलली. पर्समध्ये ठेवता ठेवता थांबल्या. वाळलेल्या ठशावर त्यांनी आपला अंगठा टेकवून पाहिला.

चहूबाजूंनी जागा उरली.