किती दिवसांचा नियम

चारचौघांत बोलायचं म्हटलं की अण्णाप्पा पाटील मागच्या रांगेत जाऊन बसायचे. गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. तिथं 'शांतता राखा' अशी पाटी होती, आणि ती त्यांना चांगली मानवली होती. पण यंदा वर्धापनदिनाच्या वादविवादाला विषय निघाला, गांजाला कायद्यानं मुभा द्यावी का? द्यावी म्हणून बोलायला सांगलीत वकिली करणारी गावचीच प्रांजल तयार झाली. देऊ नये असं सगळ्याच गावाचं मत होतं, पण वकिलिणीपुढं उभं कोण राहणार? शेवटी अध्यक्ष म्हणाले, अण्णाप्पांना अनुभव आहे, त्यांनीच बोलावं.

अनुभव गावाला ठाऊक होता. त्यांचा एकुलता मुलगा भरतेश पुण्यात नोकरीला असताना गांजाच्या नादी लागला. नोकरी सुटली, तो घरी आला. गेल्या चातुर्मासात गावात जैन मुनिमहाराज होते. त्यांच्यासमोर कुणी चार महिने बटाटा सोडत होतं, कुणी वर्षभर हॉटेलातलं खाणं. अण्णाप्पांनी मुलाला नेऊन पुढं बसवलं. किती दिवसांचा नियम, असं महाराजांनी विचारलं, आणि भर सभेत भरतेशचा गांजा सुटला तो आजन्म. महाराजांनी आशीर्वाद म्हणून हातातली मोरपिच्छी त्याच्या डोक्याला लावली. त्याची आई चंपाबाई पदरानं डोळे टिपत घरी आली. तेव्हापासून पोरगं मळ्यात हळदीत राबत होतं, आणि अण्णाप्पांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

भाषण त्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चौथ्या खेपेला सहा पानं बरी वाटली. अक्षर डोळ्यांना दिसेना, म्हणून सकाळी भरतेशला ती मोबाइलवर मोठ्या टायपात उतरवून छापून आणायला दिली. तो घराच्या पुढच्या सोप्यात बसून उतरवत होता. चंपाबाई तांदूळ निवडत होत्या. शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, 'माझ्या माहितीतलाच एक तरुण पाहा. कायद्याचा धाक आणि धर्माचा नियम, या दोन आधारांवर तो वर्षभर व्यसनापासून दूर आहे.'

"आण्णा, एवढं काढा," भरतेश म्हणाला.

"का रं? तुझं नाव कुठं घातलंय?"

"नावाचं न्हाई. खोटं हाय ते."

सुपातला चंपाबाईंचा हात थांबला. मग भरतेशनं मान वर न करता सगळं सांगितलं. बावीस दिवस त्यानं हात लावला नव्हता. तेविसाव्या दिवशी मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं बसून ओढला. दुसऱ्या दिवशी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, दर्शनाला जायला पाय उचलेना. नियम मोडलेला माणूस देवापुढं कोणत्या तोंडानं उभा राहणार? पोरगं बस्तीत का येत नाही, याचं उत्तर अण्णाप्पांनी आपल्या मनाशीच देऊन टाकलं होतं, की पहाटे हळदीला पाणी पाजायचं असतं.

"बावीस दिवस काढलंवतं मी," भरतेश म्हणाला. "कुणाला सांगू? आजन्मापुढं बावीस दिवसाला कोण शाबास म्हणतंय?"

"मग आजन्म म्हणालास कशाला?"

"मी कवा म्हणालो? महाराजांनी मला इचारलं. बोलला तुमी."

अण्णाप्पांना ते आठवलं. पोराचे ओठ हलले होते. चारचौघांत हा काहीतरी थोडकंच बोलेल आणि आपली मान खाली जाईल, या भीतीनं त्यांनीच घाईघाईनं उत्तर दिलं होतं.

"पंधरा दिवस म्हणणार हुता त्यो," चंपाबाई हळूच म्हणाल्या. "वाटंत मला सांगितलंवतं. जन्मभर कुणापुढं तोंड उघडलं न्हाई तुमी, आन उघडलं ते नेमकं तिथं."

 अण्णाप्पांनी सहावं पान काढून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

वादविवादाला वाचनालय भरलं होतं. प्रांजल छान बोलली. बंदी आली की माणूस लपतो, आणि लपलेला माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही, असं तिचं म्हणणं. मागून गुंडा नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, मग काय वाण्याकडं हळदीच्या पुडीशेजारी ठेवायचा व्हय गांजा? सगळे हसले, प्रांजलही हसली.

अण्णाप्पा उठले आणि पाच पानं वाचत गेले. जे दुकानात मांडलं जाईल ते आज न ओढणारी पोरंही ओढतील, असं त्यांना खरोखरच वाटत होतं, आणि ते त्यांनी सांगितलं. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "लपण्याबद्दल या बाई बोलल्या, त्याला माझ्याकडं उत्तर नाही." आणि खाली बसले.

परीक्षकांनी प्रांजलला पहिली ठरवलं. चहाच्या गडबडीत अण्णाप्पा तिच्याजवळ जाऊन घुटमळले. उपचाराला आलेल्या माणसाची डॉक्टर पोलिसांत वर्दी देतात का, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं कुणासाठी ते विचारलं नाही. नाही देत, म्हणाली, आणि मिरजेच्या एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

मंगळवारी बापलेक मिरजेला गेले. डॉक्टर वयानं लहान होते, बोलायला मोकळे. झोप, भूक, सवय कधीची, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"किती दिवस जमेल असं वाटतं?"

उत्तर अण्णाप्पांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं काचा पुसायला लागले. पुसून झाल्या तरी पुसत राहिले. भरतेश खिडकीबाहेर बघत होता. 

"शुक्रवारपर्यंत," भरतेश म्हणाला.

"ठीक आहे. मग शुक्रवारी या," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कागदावर तेवढंच लिहिलं.

अण्णाप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. गावाहून मिरजेला येणाऱ्या शुक्रवारच्या गाड्यांच्या वेळा आजच बघून ठेवायला हव्यात, असं त्यांच्या मनात आलं.