झिला हॉरॉक्स आता सगळं खाते

मी एक बाटली आहे. निळसर हिरव्या काचेची, चपटी, वीतभर उंच. माझ्या अंगावर उठावाची अक्षरं आहेत : ‘थ्रॅपवुडचं सोनेरी पाचक’. बोट फिरवलं तर अजूनही लागतात. वरचा छापील कागद मात्र कधीच कुजून गेला. करपट ढेकर, पोटफुगी, जळजळ, उदासी, झोप न येणं, हे सगळं माझ्यामुळे बरं होतं असं त्यावर लिहिलं होतं. कागद गेला ते बरंच झालं.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. एका माणसानं लांब नळीतून फुंकर मारली आणि साच्यात मला आकार आला. माझ्या आत सगळ्यांत आधी गेली ती त्याची फुंकर. तेवढीच काय ती माझ्यात निर्मळ वस्तू होती, असं मला आता वाटतं.

थ्रॅपवुडच्या शेडमध्ये एका मोठ्या पिंपात लाकडी वल्ह्यानं औषध ढवळत. सोडा, रेवाचिनी, सुंठ, भरपूर कडक दारू आणि अफूचा थोडा अर्क. सोनेरी रंग जळक्या साखरेचा. दोन बाया नरसाळ्यानं आम्हांला भरत आणि बूच ठोकत. त्या स्वतः मात्र पोट दुखलं की गरम पाणी पीत. मला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण नव्या बाटलीला फार कळत नाही.

बुचावरून सरकारच्या नावाची एक कागदी पट्टी चिकटवली. असं औषध विकायचं तर कर भरावा लागे, आणि तो भरल्याची ती खूण. बस, इतकंच. पण त्या पट्टीनंच पुढं घात केला.

ऑकरशॉ नावाच्या गिरणीच्या गावात मी एका वाण्याकडे होते. तिथून झिला हॉरॉक्सनं मला घरी आणलं. झिला मागावर कापड विणायची. दुपारच्या अर्ध्या तासात ओटची थंड भाकरी घाईघाईनं गिळायची आणि त्यावर काळा कडू चहा ओतायचा, अशी तिची अकरा वर्षं गेलेली, आणि पोट सतत दुखायचं. नवरा एनॉक लाकडी तळाचे बूट बनवायचा, घराच्या पुढच्याच खोलीत.

“यात काय आहे?” त्यानं मला उजेडात धरून विचारलं.

“राणीच्या सरकारला ठाऊक आहे. शिक्का मारलाय बघ.”

“म्हणजे राणीनं स्वतः चाखलंय म्हण की.”

“तुझ्या बुटांवर मारलाय का तिनं शिक्का? मग गप बस.”

करापोटी लावलेली ती चिठ्ठी तिला सरकारनं दिलेली खात्री वाटली. त्या गल्लीत सगळ्यांनाच तसं वाटायचं. झिलानं ती पट्टी न फाडता सुरीनं अलगद सोडवली आणि माझ्या पाठीवर चिकटवून ठेवली.

पहिल्या चमच्यानंतर तिनं डोळे मिटले. “अंगात ऊब आली रे,” ती म्हणाली. समोरच्या भिंतीवर तिची दारू न पिण्याची प्रतिज्ञा चौकटीत लावलेली होती, खाली तिची सही. मी त्या चौकटीकडे बघायचं टाळत असे.

दुखणं थांबलं. खरं तर ते अफूनं झाकलं गेलं. पण दोन्हीतला फरक दुखणाऱ्या माणसाला कसा कळावा? मी संपले तेव्हा तिनं मला टाकलं नाही. “ही पहिली. हिचा गुण आहे,” म्हणून दुसऱ्या बाटल्यांतलं औषध ती माझ्यात ओतून घेई. भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर, चिनी मातीच्या कुत्र्याशेजारी माझी जागा ठरली.

तिथून मी एक गोष्ट शिकले. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून विणकर बाया ओठ मोठे हलवून आवाजाशिवाय बोलतात. झिलाची शेजारीण केझाया पलीकडच्याच मागावर होती. दोघी घरीही तशाच बोलायच्या. एनॉक कधी गिरणीत गेलेला नव्हता, त्याला काही उमजायचं नाही.

“सुरू झाले मासे,” तो म्हणायचा. “माझ्याबद्दल असेल तर जरा मोठ्यानं बोला.”

“तुझ्याबद्दल बोलायला इतका वेळ कशाला लागेल?” केझाया म्हणायची.

हळूहळू मलाही ओठ वाचता यायला लागले.

मग पत्राचं प्रकरण झालं. थ्रॅपवुडवाले गुण आलेल्यांची पत्रं मागवून शनिवारच्या वर्तमानपत्रात छापत. झिलानं एका रविवारी भाजलेल्या चीजचा एक तुकडा खाल्ला होता आणि तो पोटात राहिला होता. त्या आनंदात तिनं लिहिलं, ‘अकरा वर्षं मला कोरडी भाकरी पचत नव्हती. सहा बाटल्यांनंतर आता मी कांदा घालून वजडी, भाजलेलं चीज, सगळं खाते.’

“वजडी कधी खाल्लीस गं?” केझायानं विचारलं.

“खाईन ना आता.”

पत्र छापून आलं, नावासकट, गल्लीच्या नावासकट. कंपनीनं गवतात गुंडाळून डझनभर बाटल्या फुकट पाठवल्या. गावातल्या बाया दारात येऊन विचारू लागल्या, जेवणाआधी घ्यायचं की नंतर? चॅपेलमध्ये, म्हणजे गल्लीतल्यांच्या छोट्या चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसणाऱ्या झिलाला पुढं जागा मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कुणी छापलं होतं. मी तिला नावं ठेवत नाही. माझ्याही अंगावर नाव आहे आणि मलाही त्याचा अभिमान होता.

पण आता सगळ्यांचं लक्ष तिच्या ताटाकडे. चॅपेलच्या वार्षिक चहाफराळाला तिनं मला पिशवीतून बरोबर नेलं होतं. कुणीतरी डुकराच्या मांसाचा भलामोठा तुकडा तिच्यापुढे ठेवला. “घे झिला, तुला काय, तू सगळं खातेस.” सगळ्या हसत बघत होत्या. तिनं तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मग पाणी आणायचं निमित्त करून पिशवीसकट मागच्या भिंतीपाशी गेली आणि ओकली. ओकारीत काळसर काहीतरी होतं. तिनं त्यावर पायानं माती लोटली, माझं बूच काढलं आणि चमचा न शोधता तसंच तोंडाला लावलं.

तेव्हा मला वाटलं, हातातून निसटून फुटावं. पण बाटलीला निसटता येत नाही. माणसानं सोडल्याशिवाय आम्ही पडत नाही.

“डॉक्टर पॉम्फ्रेटला बोलावतो,” एनॉक म्हणू लागला. “वाळत चाललीयस तू.”

“त्यांची गाडी दारात उभी राहिली तर गल्लीला काय सांगू? पेपरात काय आलंय माझं?”

“पेपर गेला खड्ड्यात.”

“माझं ऐकून पाच जणींनी औषध सुरू केलंय, एनॉक. मी खोटी ठरेन. जत्रा होऊन जाऊ दे, मग बघू.”

जत्रा झाली. मग थंडी संपू दे म्हणाली. एके दिवशी ती मागापाशीच कोसळली, तेव्हा एनॉक तिला न विचारता डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टरांनी पोट तपासलं, मग माझं बूच काढून वास घेतला. पुढच्या खोलीत नेऊन एनॉकला हळू आवाजात सांगितलं. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. “पोटात व्रण होता. दूध आणि विश्रांती दिली असती तर वर्षापूर्वी कदाचित भरून आला असता. हे दुखणं दाबत राहिलं आणि तो आत वाढत राहिला.”

“त्यावर सरकारचा शिक्का आहे, डॉक्टर,” एनॉक म्हणाला.

“तो कराचा शिक्का आहे, बाबा. औषध कसंही असलं तरी लावतात.”

एनॉकनं हातातला लाकडी तळ खाली ठेवला.

त्याच आठवड्यात एका दुपारी केझाया झिलाच्या अंथरुणाच्या पायथ्याशी बसली होती. एनॉकही तिथंच बूट घासत बसला होता. झिलानं ओठ हलवले. आवाज नव्हता. मी वाचलं : “त्यांना लिही. माझं नाव काढा म्हणावं. मी सगळं खात नाही.”

“लिहिते,” केझायाचे ओठ म्हणाले.

एनॉकनं दोघींकडे पाहिलं. या वेळी तो माशांबद्दल काही बोलला नाही.

केझायानं त्याच दिवशी लिहिलं. दहा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं : आपल्या कृपापत्राबद्दल आभार. सोबत गवतात गुंडाळलेल्या आणखी डझनभर बाटल्या. पत्र कुणी वाचलंच नव्हतं. झिला ते ऐकून हसली आणि हसताना तिला दुखलं. फेब्रुवारीत ती गेली.

तिच्यानंतरच्या शनिवारी केझाया वर्तमानपत्र वाचून दाखवायला आली. एनॉकला अक्षर येत नव्हतं, आधी झिला वाचायची. मधेच केझाया थांबली आणि पान उलटू लागली.

“काय आहे?” त्यानं विचारलं.

“काही नाही. जाहिरात.”

“वाच.”

तिनं वाचलं. ‘ऑकरशॉच्या मिसेस झिला हॉरॉक्स म्हणतात, आता मी कांदा घालून वजडी, भाजलेलं चीज, सगळं खाते.’

“मी परत लिहिते त्यांना,” केझाया म्हणाली. “या वेळी कडक शब्दांत.”

“राहू दे,” एनॉक म्हणाला. “तिथं तरी खातेय.”

मग दर शनिवारी तो विचारायचा, “आज आहे का ती?” असली की केझाया वाचायची आणि तो मान हलवायचा, घरात कुणी जेवल्याची वर्दी मिळावी तसा. ज्या खोट्यानं ती गेली, त्याच खोट्याची तो वाट बघायचा. मी फळीवरून हे दीड वर्ष पाहिलं. माझा सगळ्यांत मोठा पस्तावा कोणता ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण तो त्या शनिवारांच्या आसपासच कुठंतरी आहे.

एका शनिवारी जाहिरातीत दुसरंच नाव आलं. दूरच्या कुठल्या गावची बाई, तीही सगळं खात होती. “आपली नाही?” त्यानं दोनदा विचारलं. केझाया गेल्यावर त्यानं मला उचललं, उरलेलं औषध गटारात ओतलं, पाठीवरची पट्टी नखानं खरवडून काढली आणि मला मागच्या राखेच्या खड्ड्यात ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं.

राखेखाली मी शंभराहून जास्त वर्षं होते. जुन्या बाटल्या शोधणाऱ्या कुणीतरी मला उकरून काढलं, धुतलं, खिडकीत ठेवलं. येणारे म्हणतात, काचेचा रंग सुंदर आहे. मला त्यांना इतकंच सांगायचं असतं की, तुमच्या घरात कुणी ‘मी बरी आहे, सगळं खाते’ असं म्हणत असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. जवळ जाऊन तिच्या ओठांकडे बघा. एनॉक तिच्या पायथ्याशीच बसला होता. त्याला ते वाचता येत नव्हतं, आणि मला वाचता येत होतं पण बोलता येत नव्हतं.