साखरशेतची दाढ

"डॉक्टरीणबाई, माझी दाढ माना द्या."

साखरशेतच्या बुधाने हात पुढे केला. हिरडी गेल्याने हलणारी त्याची दाढ मी नुकतीच उपटली होती. दाढ मात्र ठणठणीत, किडीचा ठिपका नाही. अशाच दाढांसाठी मी जव्हारच्या दवाखान्यात टपून बसलेली असे.

"बाबा, ही मला अभ्यासाला हवी होती."

"नाय. वर जाताना आखा जायचाय माना. समदं पडलेलं दात फडक्यात बांधून ठेवलंत."

तरी मी माझं रडगाणं गायलंच. किडकी दाढ साफ करून आम्ही तात्पुरतं सिमेंट भरतो, आठवड्याने या म्हणतो. इथली माणसं भात झोडून वीटभट्टीवर कामाला जातात, ती परततात थेट होळीला. तोवर सिमेंटच्या कडेने लाळ झिरपून दाढ गेलेली असते. म्हणून चांगल्या दाढांत वेगवेगळी सिमेंटं भरायची, त्या निळ्या रंगात बुडवायच्या आणि कापून पाहायचं, रंग कुठवर शिरला.

"कापायची?" बुधाने मूठ आवळली.

"तुकडे परत देईन."

तो दाढ घेऊन उठला. मी चरफडले. मन बदललं तर पाण्यात ठेवा, एवढंच म्हटलं.

पुढच्या बाजाराला स्वारी हजर. बाटलीत पाणी, पाण्यात दाढ.

"माझ्या पोरीची, रुपीची एक दाढ भट्टीवरच गेली. आता दुसरी दुखतंय. भात झोडला का ती परत भट्टीवर जायची. कापा."

मुंबईच्या कॉलेजात कापलेल्या बहुतेक दाढा आतपर्यंत निळ्याशार निघाल्या. फक्त एका सिमेंटच्या दाढांत रंग कडेलाच अडला होता. बुधाची त्यांतली. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

झोडणीनंतर तेच सिमेंट मी रुपीला भरलं आणि बुधाच्या तळहातावर दोन तुकडे ठेवले.

"पास झाली?"

"झाली, बाबा."

"मी साळंत नाय गेलो कवा. माझी दाढ कालेजात जाऊन आली!"

तो इतका हसला की बाहेरचे रुग्ण डोकावले. मी आभार मानणार, तर त्यानेच आधी हात जोडले.

होळीला रुपी आली, भट्टीवरच्या बायका सोबत घेऊन. सिमेंट जागचं हललं नव्हतं. दाढ वाचली होती.

"बाबा नाही आले?"

"बाबा गेला. थंडीत."

रुपीने मागच्या बायकांना पुढे ढकललं.

"ह्यांना बी बाबावाला भरा."

मी हात धुवायला उठले.